वरच्या मजल्यावरचा उजेड

कोव्हेंट्रीत आमच्या गल्लीतली घरं खाली अंधारी
आणि माथ्यावर डोळे वटारलेली.
नवखा माणूस विचारायचा, एवढ्या खिडक्या कशाला,
देवाला बघायला?
रेशमाला, बाबा म्हणायचे.
देवाला काय, अंधारातही दिसतं.

सगळ्या माळ्यांतून एकच लोखंडी दांडा फिरत जायचा,
गल्लीच्या टोकाला इंजिन.
वाफेचे पैसे भाड्याबरोबर, दर शनिवारी.
ते सुरू झालं की घराघरांतल्या कपबश्या
एकदम बोलायला लागायच्या.
शेजारचा जेबेझ ऑर्टन आजारी पडला
तर त्याच्या बायकोआधी आम्हाला कळायचं.

मी सात वर्षांची, कांड्या भरायची.
त्याआधी आई माझे हात
ओटच्या पिठानं घासायची,
मग गालावरून फिरवून बघायची.
खरखरीत बोटाला रेशीम अडकतं
आणि अडकलं की पैसे कापतात.

एका मागावर बारा फिती एकदम उतरायच्या,
अर्ध्या बोटाच्या, काठाला खसखशीएवढे फासे.
टोप्यांवर चढायला लंडनला जायच्या.
लंडन आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं;
तिथं काय चाललंय ते ताटात कळायचं.
रुंद फीत, तर मटण.
अरुंद, तर बटाटे.
एका वर्षी बायकांना पिसं आवडली.

मग दोन देशांचा करार झाला
आणि फ्रेंच फिती जकातीशिवाय बोटीतून उतरल्या.
बाबांनी एक वीतभर आणली,
भिंग लावून रात्रभर धागा धागा उसवली.
सकाळी म्हणाले, चांगली आहे.
त्या हिवाळ्यात ते याहून जास्त काही बोलल्याचं
मला आठवत नाही.

इंजिन थांबलं तो मंगळवार होता.
आईला झोप येईना, कपबश्या गप्प म्हणून.
चर्चच्या दाराशी सूपची रांग;
बायका किटली शालीखाली धरून
दुसऱ्याच कामाला निघाल्यासारख्या उभ्या राहायच्या.
पुरुषांना गावानं काम दिलं:
खडी फोडा.
ज्या हातांना साधी भेग परवडत नव्हती
त्या हातांना.
वसंतात थोडी मागणी आली खरी,
बाबा मागावर बसले, ताण्यावर तळवा ठेवला
आणि उचलून घेतला.

एनॉक अमेरिकेला गेला.
पेटीचं कुलूप मोडकं, दोरी मिळेना,
तेव्हा आईनं उरलेली फीत गुंडाळली,
गडद जांभळी, अकरा वेढे.
आमच्या घरात कुणी फीत वापरली ती तेवढीच.

आता माझा नातू सायकलींच्या कारखान्यात
चाकांना तारा ताणतो.
संध्याकाळी बोटं दाखवतो, काळी, चिरा पडलेली,
आणि मी काही म्हणत नाही.
मी अजून त्याच माळ्यावर.
भोकं आहेत भिंतीत, दांड्याची,
त्यातून शेजारच्या बाईचा खोकला येतो.
खिडकीशी बसून बटाटे सोलते.
इतका उजेड लागत नाही या कामाला.
एकेक डोळा दिसतो.