जडवस्तू संग्रह, पान ४१

शाळेच्या दप्तरात तबला ही जडवस्तू आहे.
बाक, घंटा, पृथ्वीचा गोल, तबला.
आरोलकर सरांनी जाताना मला कपाटाची किल्ली दिली
आणि ही वही,
पुठ्ठ्याला अजून खळीचा वास.

माझगावात गोदीकडून वारा येतो,
तो आधी पुडीला कळतो, मग आम्हाला.
जुलैभर डग्गा तोंडात घास असल्यासारखा बोलतो.

सरांचं अक्षर बारीक, पुढे झुकलेलं:

तबला क्र. २. शाई उडाली. अन्वरमियांकडे दिला. १८० रु.
शेरा: सातवी अ, दिगंत. हात जड, ताल पक्का. रागावू नये.

तानपुरा. भोपळ्याला चीर. डिंक, लाकडाचा भुसा.
शेरा: आवाज जरा आत गेला. बरा वाटतो.

लेझीम, नग अकरा. चकत्या गहाळ.
शेरा: मुलींच्या कंपासपेट्यांत आहेत. मला माहीत आहे.

आणि दर जूनला, एकोणीस वर्षं, हीच नोंद:
पेटी क्र. १. काळी तीन मुकी.
दुरुस्ती: करू नये.
शेरा: कारण समक्ष सांगेन.

सर कळव्याला मुलाकडे राहायला गेले.
फोन करायचा होता. म्हटलं, दिवाळी होऊ दे.
दिवाळीनंतर मुलाचाच आला.

परवा तपासणीला साहेब आले,
मुक्या पट्टीवर दोनदा बोट आपटलं.
सूर बसवून घ्या बाई, दोनशेचं काम,
नाहीतर सरळ निर्लेखित करा.
मी हो म्हटलं. चहा मागवला.

प्रार्थनेला पेटी मीच वाजवते.
तिसऱ्या ओळीत बोट काळी तीनवर येतं,
भात्यातून नुसती हवा,
आणि तेवढ्या एका मात्रेपुरती
चारशे पोरं एकटीच गातात.
कुणी वर, कुणी खाली,
पाचवीतला नवा तो फक्त तोंड हलवणारा,
त्याचाही आवाज तिथे ऐकू येतो.

हेच कारण असेल.
किंवा तेव्हा दोनशे रुपये नसतील.

वही उघडली, तारीख घातली.
दुरुस्ती: करू नये.
खर्च: निरंक.
शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून बसले इतका वेळ
की शाई पसरत गेली,
तबल्यावर असते तशी, गोल.