शिंकांची वही

डॉक्टर म्हणाले, अंदाज नको, लिहून आणा.
रेशनची जुनी वही उलटी धरली,
मागच्या पानापासून सुरुवात केली:
सोमवार. पहाटे साडेपाच. नऊ शिंका. डोळे लाल.
आधी काय झालं? गोधडी झटकली होती.

तोवर शिरोड्यात ज्याला त्याला कारण ठाऊक होतं.
शेजारची चंद्रप्रभा म्हणाली, नजर लागली हा गो चेडवाक.
दूधवाला म्हणाला, केळी बंद करा.
सासरे काहीच बोलले नाहीत, नुसते बांगड्याकडे बघत राहिले,
आणि मितालीच्या ताटातून बांगडा उठला.
पंधरा दिवस ती सोलकढी-भातावर जेवली
भावाच्या ताटातले काटे मोजत.
शिंका तेवढ्याच.
वहीत लिहिलं: बांगडा निर्दोष.
त्या रात्री तिने तीन खाल्ले.

मग मी घर हुडकायला घेतलं.
कपाटामागची भिंत श्रावणापासून हिरवी, मग काळी,
बोट लावलं तर मखमल.
कपाट वीतभर पुढे ओढलं, भिंत घासून चुना मारला.
माहेरून आलेली सावरीची गादी
उन्हात टाकून बडवली, तेव्हा
तिच्यातून अकरा वर्षं उडाली.
(मितालीला आधीच मामीकडे धाडलं होतं. हेही लिहिलं.)
आता दर आठवड्याला अभ्रे उकळतात,
सासू झाकण उचलून विचारते, ह्यात भात कधी?

पहाटेच्या नऊच्या तीन झाल्या.

बाहेरचं अवघड.
माघात परबांचा आंबा मोहरतो,
त्याला कोण काय सांगणार?
सकाळी त्या बाजूची खिडकी लावून घेते,
कपडे पडवीत वाळतात, वाळतात कसले, दमट राहतात.
शाळेला ती लांबच्या वाटेने जाते, मिठागराच्या बांधावरून.
तिथे वारा खारट. तिथे शून्य.
भाजावळीच्या दिवसांत धूर थेट माजघरात.
दिरांना म्हटलं, पेटवायच्या आदल्या दिवशी कळवाल?
ते हसले.
पण कळवतात.

संध्याकाळ मात्र सुटत नव्हती.
सात ते साडेसात, रोज.
गादी नाही, मोहर नाही, धूर नाही.
रविवारी काहीच नाही.
मी शाळेच्या खडूवर संशय घेतला,
पण मे महिन्याच्या सुट्टीतही संध्याकाळ तशीच.
जत्रेचे तीन दिवस: शून्य, शून्य, शून्य.
वाटलं, देवीने ऐकलं.
चौथ्या दिवशी चौदा.

त्या रात्री वही समोर ठेवून वेणी सोडत होते.
चौदाच्या आकड्यावर
काजूचा पापुद्रा पडला,
तांबूस, नखाएवढा.

कारखान्यात आम्ही सोळाजणी
दिवसभर गर सोलतो, पाखडतो.
साल उडते, भुवयांवर बसते, केसांत मुरते.
रविवारी कारखाना बंद. जत्रेला बंद.
साडेसहाला मी सुटते.
सातला ती दारातच मला गाठते
आणि वेणीत नाक खुपसून उभी राहते.

पेन हातात होतं.
बराच वेळ काही लिहिलं नाही.

आता कामावर डोक्याला घट्ट फडकं,
मुकादम म्हणतो, काय, पुन्हा नवरी झालीस?
घरी मागच्या दाराने येते, चोरासारखी.
साडी वेगळ्या बादलीत, मग डोक्यावरून पाणी.
न्हाणीच्या दाराबाहेर ती तांबे मोजते, मोठ्याने:
सतरा, अठरा...
विसाला बाहेर यायचं, हे तिनेच ठरवलंय.
काल एकवीस झाले.
तिने ओल्या केसांत नाक घातलं,
थांबली, पुन्हा घातलं,
म्हणाली, आई, आता तुझा वासच येत नाही.

तारीख घातली.
सात वाजून दहा मिनिटं. शिंका दोन.
पुढे काय लिहायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.