शक्यतो

बेलापूरच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
एसी अठरावर.
आम्ही पाच, समोर ते चार,
मध्ये काजूच्या बिस्किटांची बशी.
कोणी हात लावेना,
जणू पहिलं बिस्कीट उचलेल तो हरला.

अक्षर बरं म्हणून मला घेतलं होतं कमिटीत.
एरवी मी बॅगा लावतो
विमानाच्या पोटात, गुडघ्यांवर रांगत,
छत डोक्याच्या वर वीतभर.
कोणाच्या तरी आईच्या लोणच्याचं तेल
माझ्या मनगटावरून दुबईला जातं.

कलम सात मी तीनदा उतरवलं:
दोन शिफ्टच्या मध्ये कर्मचाऱ्यास
शक्यतो बारा तासांची विश्रांती देण्यात येईल.

तजम्मुल फकीह, पनवेलचा, इंजिनाचा माणूस,
चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
हा शक्यतो काढा साहेब.

साहेब हसले.
अहो, सभ्य शब्द आहे.
घरी म्हणतोच की आपण, शक्यतो जेवायला येतो.

आमच्या मॅन्युअलला पाचशे पानं आहेत, तजम्मुल म्हणाला,
बोल्ट शक्यतो आवळावा, असं एकाही पानावर नाही.
असतं, तर बसला असता तुम्ही?

मग कोणीच बोललं नाही.
खाली उरणकडे जाणारा कंटेनर
गिअर बदलताना ऐकू आला.

मला हसूराम कडू दिसत होता.
सलग दुसरी शिफ्ट, पहाटेचे चार,
बेल्ट आणि दरवाजाच्या मधल्या फटीत
उजव्या हाताची तीन बोटं.
अहवालात लिहिलं, कर्मचाऱ्याचे लक्ष नव्हते.
आता तो गेटवर रजिस्टर सांभाळतो,
डाव्या हाताने सही करतो, आणि कोणी विचारलंच तर
बोटां सुटली डूटीवरशी, म्हणतो,
मी आजून हाव.

दोन वाजता त्यांच्यातला सगळ्यात तरुण,
जो तोवर नुसता फोन बघत होता,
म्हणाला, सात घ्या. अकरा सोडा.

अकरामध्ये कंत्राटी बायका होत्या.
दोन उड्डाणांच्या मधल्या वीस मिनिटांत
सीटखालचे चिप्स, ओकाऱ्या, कानातले शोधणाऱ्या.
बूट मागितले होते त्यांच्यासाठी,
आणि रात्री घरी सोडायला एक बस.
एवढंच होतं अकरामध्ये.

फ्लोरी डिमेलो उभी राहिली, युनिफॉर्ममध्येच,
सरळ विमानातून आली होती,
म्हणाली, मी सही करणार नाही.
सोनकांबळे तिच्या बाजूने.
अध्यक्ष म्हणाले, हातातलं सोडू नका.
तजम्मुलने बराच वेळ चष्मा पुसला
आणि हात वर केला.
दोन-दोन.
सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझा हात फार जड नव्हता.
तेवीस किलो तर नव्हताच.

शाईने मी तो शब्द खोडला,
समासात सगळ्यांच्या सह्या घेतल्या.
फ्लोरीची जागा कोरी राहिली.
मग साहेबांनी बशी पुढे केली
आणि मी बिस्कीट घेतलं.
मऊ पडलं होतं.

सकाळी गेटवर शेवंती भोईर भेटली,
तरघरची, डोक्याला रुमाल, पायात स्लिपर,
रात्रपाळी उतरून रिक्षाला चौथी कोण मिळते बघत होती.
आमच्या बसचा काय झाला?
म्हणालो, पुढच्या करारात बघू.
तिने नुसतं बघितलं.
म्हणालो, होईल. शक्यतो.

हसूरामने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

बारा तासांची विश्रांती, पहिलीच.
पडदे ओढून पडलो, पंखा तीनवर.
दुपारी उठून वही काढली,
नव्या पानावर लिहिलं, कलम अकरा.
अक्षर बरं आलंय.
पुढे अजून काही लिहिलेलं नाही.