पायाशी बसलेला म

तेनालीच्या बसस्टँडमागे माझं दुकान.
लग्नं, बारशी, अकराव्या दिवसाच्या कॅसेटी,
पुढे सीडी, आता पेनड्राइव्ह.
मस्तानवली म्हणतात मला.
पडद्यावर पाकळ्या कुठून कशा पाडायच्या
हे पाच गावं मलाच विचारतात.

त्या वर्षी डॅलसहून मुलगा आला.
आईचा फोटो, खाली नाव,
मागून ज्योत उजळत यावी, एवढंच.
मी टाइप केलं.
नावात अक्षरं तीन, चौकोन आले सात.
रिकामे, ओळीनं,
भाड्यानं द्यायच्या खोल्यांसारखे.

फॉन्ट बदलला. अक्षरं आली, पण पांगलेली.
अच्चम्मा या नावात
च च्या पायाशी दुसरा च बसतो,
म च्या पायाशी म.
आमचं जोडाक्षर म्हणजे मांडीला मांडी नव्हे,
एकाच्या सावलीत दुसरा.
सॉफ्टवेअरनं सगळ्यांना एका बाकावर बसवलं
आणि पाय मोडून ठेवले.
ज्योतीच्या उजेडात आई
आणखीच लंगडत होती.

रात्री अकराला पिच्चय्यांना उठवून आणलं.
पाट्या रंगवायचे. खतांच्या, सिनेमांच्या, दवाखान्यांच्या.
फ्लेक्स आला आणि घरी बसले.
गावातलं पहिलं फ्लेक्सचं मशीन
माझ्या मेव्हण्याचं, हे ते विसरले नव्हते.
चहा नको म्हणाले.
ब्रश टेकवला. आधी पोट,
मग तलकट्टु, अक्षराच्या डोक्यावरचा
बरोबरच्या खुणेसारखा फराटा,
मग पायाशी धाकटा म,
श्वास धरून.
मी स्कॅन केलं. पांढरं काढून टाकलं.

सकाळी मुलगा बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "अम्माला वाचता येत नव्हतं.
बँकेत अंगठा लावायची.
ते सात चौकोन दाखवले असते
तर पिठाची चिमूट घेऊन
त्यांच्याभोवती मुग्गु घातला असता तिनं."

पिच्चय्या मोरीत ब्रश धूत होते.
"मग रात्री झोपू द्यायचं होतं मला," म्हणाले,
आणि पैसे मोजून घेतले.

आता नव्या आवृत्तीत सगळं आपोआप बसतं.
तरी ती फाइल मी पुसलेली नाही.
कुणाच्या नावात म्म आला,
आणि आमच्या म्हाताऱ्यांच्या नावात तो येतोच,
तर तेवढा तिथून उचलतो.
जरासा डावीकडे कललेला आहे.
अजून कुणी तक्रार केली नाही.