अनुस्वार

लॅमिंग्टन रोडला, सोल्डरिंगच्या धुरावरच्या खोलीत
मी चौकटीच्या वहीत अक्षरं भरते.
उंची सोळा घरं:
वरची चार मात्रा-वेलांट्यांची,
एक शिरोरेषेचं,
आठ अंगाची, तीन उकार लोंबायला.
गोलाई इथे उधारीवरही मिळत नाही.
ळ ला नुसतं वळायचं असलं
तरी जिना चढून उतरावा लागतो.
क्ष माझ्याशी दोन आठवडे बोलला नाही.
ज्ञ अजूनही
जिन्याखाली कोंबलेल्या सायकलीसारखा दिसतो.

खाली तांडेल दिव्यांच्या पाट्या जुळवतो.
म्हणतो, ‘बाई, अक्षर म्हणजे काय,
कुठला दिवा लावायचा नाही
तेवढं ठरलं की झालं.’
माझी पहिली अक्षरं त्यानेच नेली,
सडपातळ, एकेका दिव्याच्या रेघेची,
परळला, चेऊलकरांच्या औषधाच्या दुकानावर.
रात्रभर उघडं.
लाल.
समोर इस्पितळाच्या पायऱ्यांवर
पिशवी उशाला घेऊन झोपणाऱ्यांच्या
पापण्यांवर पडायची.

मार्गशीर्षात एक दिवा गेला.
चारशेतला एक, तांडेल म्हणाला, कुणाला दिसतोय.
पण गेला तो ड च्या डोक्यावरचा.

रात्रभर उघड.

वसुधाताई चेऊलकरांनी नंतर सांगितलं:
पहाटे तीनला एक बाई आली, चिपळूणकडची,
मुठीत चुरगळलेली चिठ्ठी.
दार सताड होतं, तरी ती बाहेरच,
मान वर करून वाचत.
‘ही पाटी,’ तिने विचारलं,
‘जरा तिकडे वळवता येईल का?
तिसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी.
नऊ दिवस झाले, पोरगा डोळे उघडत नाही.
माझं ऐकत नाही.
छापलेलं ऐकेल.’

तांडेलने सकाळी शिडी लावली.
पाटी वळवली.
दिवा बदलू का, म्हणाला.
वसुधाताई म्हणाल्या, नको.

अकरा रात्री.
मग एका दुपारी त्यांचा फोन आला,
आता टाका तो दिवा.
का, ते त्या बोलल्या नाहीत.
तांडेलने विचारलं नाही.
मी दोनदा फोन हातात घेतला
आणि ठेवून दिला.

त्यानंतर मी सगळी अक्षरं जाड केली.
रेघ दोन घरांची,
अनुस्वार चार दिव्यांचा,
एक गेला तर तिघं धरून ठेवतील.
पोटातल्या मोकळ्या जागा बुजत आल्या,
घ आणि ध भावंडं वाटायला लागले,
ते निस्तरण्यात सहा महिने गेले.

आता ही अक्षरं कुठेही भेटतात.
गोविंदांच्या बनियनवर, केळ्याच्या वेफर्सच्या पाकिटावर,
ग्रँट रोडच्या गेम पार्लरच्या शटरवर,
जिथे पोरं त्यांना बापाच्या जमान्यातली समजतात.
भाईंदरच्या मावशीने घरं मोजून मोजून
उशीच्या अभ्र्यावर शुभ रात्री भरलं,
फुलीचा टाका, वीस फुल्या कमी पडल्या.

लोक विचारतात, एवढी जाड का?
मी म्हणते, लांबून दिसतात.