‘जा’चा भूतकाळ

मंगळवार, शुक्रवार, दुपारी चार.
औंधमधला तिसरा मजला, लिफ्ट बंद असली
तरी इत्सेल वेळेवर येते, धापा टाकत म्हणते,
“आय हॅव थर्स्ट, माएस्त्रा.”
मी आधी पाणी देते, मग चूक दाखवते,
आणि मनात हिशेब मांडते:
तिची तहान तिच्याजवळ असते, पर्ससारखी;
इंग्रजीत माणूसच तहानलेला होऊन बसतो;
आपल्याला ती कुठूनतरी येऊन लागते,
ठेच लागावी तशी.

नवरा चाकणला, गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात.
ही पुएब्लाची. तिथे खिडकीतून ज्वालामुखी दिसायचा,
इथे समोरच्या सोसायटीची टाकी.
इंग्रजी हवंय ते भाजीवाल्यासाठी नव्हे,
तो तिला मराठीतच दटावतो,
मुलाच्या पालकसभेसाठी.
“स्कूल” म्हणायच्या आधी तिची जीभ
एक पायरी बांधून घेते: “एस्कूल.”
सासवडचे माझे वडील “इस्कूल” म्हणायचे.
महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं
पोरींच्या तोंडातली ती पायरी मी फोडत आले.
हिची ठेवली.

शब्दांच्या वहीत तीन रकाने.
एकदा मोरीतली बादली दाखवून म्हटलं, म्हण, बकेट.
ती म्हणाली, “बाल्दे!”
मी म्हटलं, “बादली.”
दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
मग साबण निघाला, तिच्याकडचा हाबोन.
मग पगार. तिच्याकडे पागार म्हणजे पैसे चुकते करणं,
आपल्याकडे हातात पडणं;
शब्द तोच, खिसा बदललेला.
कुठल्या गलबतातून उतरून
माझ्या मोरीत येऊन बसलेत हे,
आणि मी रोज अंघोळ करते, मला पत्ता नाही.
त्या दिवशी इंग्रजी राहूनच गेलं.

वाचायला मुलाचंच पातळ पुस्तक, कासवाचं.
बोट ठेवून वाचते, घशात शब्द तपासून.
पान सात: कासव वेंट.
बोट थांबलं. “यात गो कुठाय?”
नाही. गोचं वेंट होतं.
“पण गो गेला कुठे?”
मला हसू आलं. “गेला”मध्ये तरी “जा” कुठे असतो?
तिच्याकडेही तसंच: ईर, आणि मग फुए.
जायचं म्हटलं की क्रियापद
तिन्ही घरांत ओळख बदलून बाहेर पडतं.

शुक्रवारी गृहपाठ तपासला. कुटुंब, दहा ओळी.
तिसरी ओळ: माय मदर वेंट टीचर.
मी लाल पेनाने वर “वॉज अ” लिहिलं.
तिने समजावलं, फुए म्हणजे होती,
फुए म्हणजे गेलीसुद्धा,
मोबाइलने निवडून दिलं ते लिहिलं.
सुटं गणित. मला आवडलं.

पाचवी ओळ: माय मदर वेंट.
पूर्णविराम.
सवयीने विचारलं, “व्हेअर?”
वाक्य अपुरं आहे, ठिकाण लिही.
ती गप्प. समोरची टाकी भरून वाहत होती,
कुणीतरी खालून ओरडत होतं, मोटर बंद करा, मोटर.
“नोव्हेंबर,” ती म्हणाली.
मी “कुठे” विचारलं होतं.

पेनाला टोपण लावायला मला वेळ लागला.
मराठीत ते वाक्य पुरं असतं.
आई गेली. पुढे कुणी पत्ता विचारत नाही.
हे तिला कुठल्या इंग्रजीत सांगू?

तिनेच वही पुढे सरकवली, तिसरा रकाना:
तुमच्यात काय म्हणतात?
मी सांगितलं. तिने तिच्या लिपीत लिहिलं,
वाचलं मात्र “हेली”.
ग, म्हटलं. घशातून नाही, ग.
“गेली.”
बरोबर.
मग आम्ही पान आठ काढलं.
कासव अजून वाटेतच होतं.