पाच मिनिटांत चार मिलिमीटर

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात एका पोरसवदा मुलाने
माझ्या खालच्या पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवली
आणि म्हणाला, मावशी, पाच मिनिटं. हलू नका.

एकतीस वर्षं मी कागद तपासला.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, उत्तरेच्या खिडकीशी.
शाईचा वास असलेले ताव उजवीकडून यायचे,
डावीकडे जायचे,
आणि मधल्या एवढ्याशा वेळात मला दिसायचं
कुठे आकडा सरकलाय, कुठे रेघ तुटलीय,
कुठे हिरव्यात पिवळा उतरलाय.
पापणी लवली की एखादी चूक निसटायची.
म्हणून लवायची नाही.
हे कोणी शिकवलं नव्हतं, अंगात भिनत गेलं.
निरोपाच्या दिवशी साहेब माइकवर म्हणाले,
गायधनीबाईंनी डोळ्यात तेल घालून नोकरी केली.
टाळ्या. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.

आता कागद मला तपासत होता.

डॉक्टरबाईंनी पट्टी उजेडात धरली,
मी धरायचे तशीच, दोन बोटांत, जराशी तिरकी.
चार मिलिमीटर, त्या म्हणाल्या. दहा तरी हवेत.
शिवाय पापणीच्या काठाला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात,
तुमच्या बऱ्याचशा बुजल्यात.
तेल नाही, म्हणून पाणी टिकत नाही.
मला हसू फुटलं.
कशाचं, ते त्यांना कळलं नाही.

तेव्हापासून फ्रिजच्या दारात कढीपत्त्याच्या पुडीशेजारी थेंबांची बाटली,
एक कमरेला, एक देवघरात निरांजनामागे,
एक यांच्या स्कूटरच्या डिकीत.
सकाळी तव्यावर शेकलेला रुमाल डोळ्यांवर.
रात्री पंखा लावला तर माझे हाल,
बंद केला तर यांचे.
पहाटे तीनला पापणी
चिकटलेल्या पाकिटासारखी हळूच सोलायची.
जानेवारीत निफाडकडून वारा सुटतो
आणि द्वारकेच्या सिग्नलला डोळ्यांत मूठभर वाळू,
मग एकदम घळाघळा पाणी.
रिक्षावाला आरशात बघून विचारतो,
काय झालं ताई, घरी काही?
कोरडे आहेत म्हणून वाहतायत,
हे त्याला कसं सांगू, बिटको येईस्तोवर?

फेब्रुवारीत कमल ताजनपुरे गेली.
बावीस वर्षं माझ्यासमोरच्या टेबलावर होती.
डब्यातली शेपूची भाजी मला द्यायची, माझं लोणचं न्यायची.
दसकच्या घाटावर सगळ्या रडत होत्या,
आमच्या खात्यातली ती खडूस रजनीसुद्धा.
छातीत काहीतरी दाटून वर येत होतं,
गळ्यापर्यंत यायचं,
आणि तिथेच थांबायचं. पुढे रस्ताच नव्हता.
धुराने झोंबायला लागलं तशी मी भिंतीकडे वळले,
पदराआड बाटली काढली, दोन-दोन थेंब टाकले.
जास्तच पडले. गालावर ओघळले.
कमलची लेक धावत आली, मला घट्ट धरलं,
मावशी, नका ना, आईला नाही आवडायचं.

अख्खी गल्ली माझ्याकडे यायची, काकू, ही नोट खरी का बघा.
मी अंगठा फिरवून सांगायचे.
आणि त्या दिवशी औषधाच्या दुकानातला तो थेंब
मी खपू दिला.
गप्प राहिले, तिच्या पाठीवरून हात फिरवत.
खोटा होता का?
उजेडात धरून पाहावा म्हटलं,
तर सुकला होता.

रात्री हे बाटली घेऊन पलंगाशी उभे.
वर बघ, म्हणतात.
यांचा हात हल्ली कापतो,
पहिला थेंब नाकावर, दुसरा कानाकडे.
तिसरा बरोबर पडतो, थंडगार.
आता लव, म्हणतात. परत लव.
मी लवते.
निसटेना का काय निसटायचं ते.